सुरक्षितता कीं शील?

कोणतेंहि नवें साधन समाजांत आलें म्हणजे त्याचे भाट आणि त्याचे निंदक हे दोघेहि त्याच्याबरोबरच येतात. लेखनकलेसारख्या निरुपद्रवी गोष्टीचीहि ह्यांतून सुटका झाली नाहीं. प्लेटोच्या 'फीड्रस' ह्या संवादांत एक इजिप्ती राजा लिपीच्या जनकास बजावतो कीं, तुझ्या ह्या शोधामुळें माणसें स्मरणशक्तीचा उपयोग सोडून देतील आणि ज्ञान नसतां ज्ञानाचा आभास मात्र बाळगूं लागतील. राजाचें भाकित सर्वस्वीं खोटें ठरलें असें म्हणवत नाहीं. परंतु प्लेटोनें तें लिहून ठेविलें म्हणूनच तें आज आपणांस ठाऊक आहे, हीहि गोष्ट विसरतां येत नाहीं. संगणक, मोबाइल आणि इंटरनेट ह्यांच्याविषयीं आज घरोघर जो वाद चालतो त्याची जात हीच आहे. तो येथें पुन्हा मांडण्याची आमची इच्छा नाहीं. मार्च २०२० मध्यें शाळांचीं दारें बंद झालीं, आणि पुढें कित्येक महिने ज्यांच्या हातीं मोबाइल होता त्यांची तीच शाळा झाली. यंत्र मुलांच्या हातीं आपण वडील माणसांनींच दिलें. तेव्हां तें चांगलें कीं वाईट, ह्या प्रश्नाच्या पुढें आतां आपण गेलें पाहिजे. तें मुलांच्या हातीं असणार असें धरून चालल्यावर शाळेनें त्यांस त्याविषयीं काय शिकवावें, आणि तें कोणत्या पायावर शिकवावें, हा आमच्या लेखाचा विषय आहे.

ह्या संबंधांत 'सुरक्षित आणि जबाबदार वापर' असे शब्द परिपत्रकांतून व शाळांच्या सूचनाफलकांवर नेहमीं आढळतात. दोन विशेषणें सदैव जोडीनें वावरूं लागलीं म्हणजे त्यांचा अर्थ एकच असावा असें ऐकणारास वाटूं लागतें. वस्तुतः त्यांत मोठें अंतर आहे. दुसऱ्यानें माझें वाईट करूं नये म्हणून मीं घ्यावयाची खबरदारी ती सुरक्षितता. माझ्या हातून दुसऱ्याचें वाईट होऊं नये म्हणून मीं स्वतःस घालून घेतलेला आवर ती जबाबदारी. पहिलीस आपण व्यवहारज्ञान म्हणतों, दुसरीस शील म्हणतों. चोरानेंहि आपल्या घरास कुलूप लावलेलें असतें. तेव्हां आपल्या मालमत्तेची काळजी वाहण्यांत माणूस हुशार ठरतो, पण तेवढ्यावरून तो सज्जन आहे असें कोणी मानीत नाहीं.

आतां आमच्या शाळांतून प्रत्यक्षांत काय शिकविलें जातें तें पाहूं. वर्षांतून एखाद्या दिवशीं कोणी जाणकार गृहस्थ किंवा पोलीस खात्यांतील अधिकारी व्याख्यानास येतात. अशा व्याख्यानांस आम्ही अनेक वेळां बसलों आहों. पासवर्ड कोणास सांगूं नये, ओटीपी देऊं नये, अनोळखी माणसाच्या मैत्रीस भुलूं नये, अनोळखी दुव्यावर बोट ठेवूं नये, हे त्यांतील नियम. नियम खरे आहेत आणि उपयोगाचेहि आहेत; त्यांची थट्टा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु समोर बसलेल्या दोनशें मुलांपैकीं प्रत्येकाशीं तो संभाव्य बळी आहे, अशाच भाषेंत तेथें बोललें जातें. आपणहि कोणाचा बळी घेऊं शकतों हें त्यांस कोणी सांगत नाहीं. आणि हाच तर्काचा दोष आहे. कारण ज्या मुलानें काल वर्गांतील एका मुलीच्या छायाचित्राखालीं वाटेल तें लिहून तें पन्नास जणांस धाडलें, तोहि त्याच सभागृहांत दुसऱ्या किंवा तिसऱ्या रांगेंत बसलेला असतो. आपला पासवर्ड कसा जपावा हें तोहि वहींत नीट उतरवून घेतो, आणि व्याख्यान संपल्यावर पूर्वीं होता तसाच घरीं जातो.

हा प्रश्न यंत्राइतका नवा नाहीं. प्लेटोच्याच 'रिपब्लिक' ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत गायजिस नांवाच्या मेंढपाळाची कथा आहे. त्यास एक अंगठी सांपडते; तिचा खडा तळव्याच्या बाजूस फिरविला कीं तो अदृश्य होतो. अदृश्य होतां येतें असें दिसतांच हा साधा मेंढपाळ राणीस वश करतो, राजास मारतो आणि राज्य बळकावतो. कथा सांगणाराचा रोकडा सवाल असा कीं, अशी अंगठी मिळाल्यावर कोणता माणूस सज्जन राहील? ह्याचें उत्तर आपल्याकडील एका जातककथेंत आहे. एक आचार्य आपल्या शिष्यांस सांगतात कीं, माझ्या मुलीच्या विवाहासाठीं वस्त्रें व दागिने हवे आहेत, ते आपापल्या घरून चोरून आणा, मात्र कोणीहि पाहतां कामा नये. सर्व शिष्य कांहीं ना कांहीं घेऊन येतात. एकटा रिकाम्या हातीं परततो. त्याचें म्हणणें असें कीं, जेथें कोणीच पाहत नाहीं अशी जागा मला सांपडली नाहीं. दुसरें कोणी नसलें तरी मी स्वतः तेथें असतोंच. आचार्य आपली कन्या त्यासच देतात.

इंटरनेटनें गायजिसची अंगठी बारा वर्षांच्या मुलाच्या बोटांत घातली आहे. खोटें नांव, खोटें चित्र आणि समोर नसलेला माणूस, एवढ्या सामग्रीवर जें तोंडावर बोलण्याची छाती झाली नसती तें लिहितां येतें. ज्यास लिहिलें त्याचा उतरलेला चेहरा दिसत नाहीं, म्हणून लिहिणाराच्या मनांतील दया जागी होण्यास निमित्तच उरत नाहीं. ह्या अंगठींत आणखी एक मौज आहे. गायजिस खरोखरच दिसेनासा होत असे. आमचा विद्यार्थी केवळ आपल्या समजुतीपुरता अदृश्य असतो. त्यानें काय पाहिलें, कोठें तो थबकला, कशावर त्यानें बोट ठेविलें, ह्याची नोंद यंत्र चालविणाऱ्या कंपन्या घेत असतात. म्हणजे शेजारचें माणूस त्यास पाहत नाहीं आणि दूरचा व्यापारी मात्र पाहतो. हें दुसरें ज्ञान मुलांस अवश्य द्यावें. पण तुम्ही पकडले जाल म्हणून नीट वागा, असें तें देऊं नये. तसें केल्यास अधिक पक्की अंगठी शोधण्याची बुद्धि मात्र त्यांस होईल. जातकांतील शिष्यानें जें उत्तर दिलें तें पकडले जाण्याच्या भीतींतून आलेलें नव्हतें.

कोणी म्हणेल कीं, थट्टामस्करीस आपण फार मोठें रूप देत आहां. ह्यावर आम्ही आपल्याच प्रांतांतील एका घटनेचें स्मरण देतों. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा नांवाचें गांव आहे. १ जुलै २०१८ रोजीं तेथें बाजारास जमलेल्या जमावानें नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच पुरुषांस ठार मारलें. भिक्षा मागत गांवोगांव फिरणारीं हीं माणसें होतीं. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून हातोहात पसरत होती. ज्यांनीं हात उचलला त्यांचा अपराध उघडच आहे. परंतु ज्यांनीं आपल्या घरीं बसून, बहुधा मुलांच्या काळजीनेंच, तो संदेश चार ठिकाणीं धाडला, त्यांचें काय? त्यांच्या मनांत कोणाचेंहि वाईट नव्हतें. त्यांनीं आपल्या समजुतीप्रमाणें सुरक्षिततेचाच प्रचार केला होता.

त्याच काळांत देशभर फिरलेल्या एका चित्रफितीची हकीकत तर विशेष विचार करण्याजोगी आहे. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारें मूल उचलून नेतात, असें तींत दिसे. ती चित्रफीत मुळांत कराची येथील एका संस्थेनें २०१६ मध्यें, आईबापांनीं मुलांकडे लक्ष द्यावें ह्या हेतूनें तयार केलेली होती. मूळ चित्रफितींत ते दोघे मुलास परत आणून सोडतात आणि उपदेशाचा फलक दाखवितात. कोणी तरी हा शेवट कापून टाकला, आणि उरलेला भाग सत्य घटना म्हणून भारतांत फिरूं लागला. मुलांच्या रक्षणाचा धडा, केवळ शेवट गळाल्यामुळें, निरपराध माणसांविरुद्ध लोकांस भडकविणारें साधन झाला. जुलै २०१८ मध्येंच व्हॉट्सअ‍ॅप कंपनीनें, भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं धाडतां येऊं नये अशी मर्यादा जाहीर केली. कंपनीस जें करतां येण्यासारखें होतें तें हें. परंतु पहिल्या पांचांस तो धाडावा कीं नाहीं, हें कोणतीहि कंपनी ठरवूं शकत नाहीं. तें धाडणारानेंच ठरवावयाचें असतें. आणि हेंच ठरविण्याची शक्ति मुलांच्या अंगीं आणणें, ह्यास आम्ही जबाबदारीचें शिक्षण म्हणतों.

हें शिक्षण अवघड आहे, म्हणून शाळा आणि घरें त्याऐवजीं सोपा मार्ग पत्करतात. तो मार्ग पाळतीचा. मुलाचा मोबाइल गुपचूप तपासावा, तो कोठें जातो हें दाखविणारी युक्ति त्यांत बसवावी, त्याचे सर्व पासवर्ड आपणांपाशीं ठेवावे, असें पुष्कळ आईवडील मोठ्या विश्वासानें करतात. लहान वयांत देखरेख हवीच. सात वर्षांच्या मुलास हमरस्त्यावर एकटें सोडावें असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणें व त्यांस हेरून जाहिराती दाखविणें, ह्यांस मनाई करणारें कलम देशाच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यांत आहे, तेंहि योग्यच होय. परंतु देखरेख आणि पाळत ह्यांत भेद आहे. देखरेख मुलास सांगून केलेली असते आणि वाढत्या वयाबरोबर ती कमी होत जाते. पाळत चोरून ठेविलेली असते आणि वयाबरोबर वाढत जाते. पहिलींत विश्वासाचें बीज असतें. दुसरीनें मूल एवढेंच शिकतें कीं, बलवान असेल त्यानें दुर्बळाचीं पत्रें वाचण्यास हरकत नसते.

पाळतीचा खरा तोटा संकटाच्या वेळीं कळून येतो. नववीं-दहावींतील एखाद्या मुलीस कोणी अश्लील संदेश धाडला, किंवा तिचें साधें छायाचित्र घेऊन कोणी त्याचें यंत्राकडून विकृत चित्र करविलें आणि तिला धमकावलें, असें धरूं. ह्या प्रसंगीं तिनें काय करावें हें व्याख्यानांत सांगितलेलें असतें: वडील माणसांस सांगावें. पण ती सांगते काय? तिला ठाऊक असतें कीं, सांगितल्याबरोबर पहिला प्रश्न येईल, "तूं त्याच्याशीं बोललीसच कां?" आणि पहिली शिक्षा म्हणून तिचाच मोबाइल काढून घेतला जाईल, कांहीं घरांतून तर मोबाइलबरोबर क्लास जातो, मैत्रिणी जातात, पुढें कॉलेजहि जातें. गुन्हा करणारा मोकळा राहून ज्याच्यावर गुन्हा झाला तोच कोंडला जातो. मग ती गप्प बसते, आणि धमकी देणारा तिच्या ह्या गप्प बसण्यावरच जगतो. सायबर गुन्ह्याची तक्रार करण्यास १९३० आणि संकटांतील मुलांसाठीं १०९८ असे दूरध्वनि क्रमांक आहेत. ते प्रत्येक वर्गांत लावलेले असावे. पण घरांत बोलण्याची सोय नसेल तर भिंतीवरील क्रमांकाकडे तिचा हात वळेलच असें नाहीं. ह्यासाठीं आम्ही म्हणतों कीं, नुसत्या सुरक्षिततेच्या मागें लागलेली शिस्त सुरक्षितताहि गमावून बसते. जें मूल भीत नाहीं तें येऊन सांगतें. आणि जें येऊन सांगतें त्यासच वांचवितां येतें.

ह्यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि त्यास उत्तर दिलें पाहिजे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या अंगीं असा विवेक येणार कोठून? त्यापेक्षां सरळ बंदीच कां करूं नये? फ्रान्सनें २०१८ मध्यें कायदा करून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांतून मोबाइल वापरण्यास मनाई केली. ऑस्ट्रेलियांत १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांस प्रमुख समाजमाध्यमांवर खातें ठेवूं न देण्याची सक्ति कंपन्यांवर झाली आहे. अशा मर्यादांस आमचा विरोध नाहीं. वर्गांत मोबाइल नसावा, हें तर आम्ही स्वतःच्या अनुभवावरून म्हणतों. ज्याचें मन दर पांच मिनिटांनीं खिशाकडे धांवतें त्यास भूमितीचा सिद्धान्त कोणीहि शिकवूं शकत नाहीं. परंतु मर्यादा म्हणजे शिक्षण नव्हे. ती शिक्षणास मिळालेली सवड आहे. सोळावें वर्ष उजाडतें तेव्हां विवेक आपोआप उगवत नाहीं. आपल्याकडे विहिरींत पोहावयास शिकविण्याची जुनी रीत होती. मुलाच्या पाठीस सुका भोपळा बांधीत आणि शिकविणारा स्वतः पाण्यांत उतरे. भोपळा बांधण्यांत कमीपणा नसे. पण तो एके दिवशीं सोडावयाचा आहे हें दोघांसहि ठाऊक असे. बंदी हा भोपळा आहे. तो बांधून, मुलास काठावरच बसवून ठेवून, सोळाव्या वर्षीं भोपळा काढून एकदम विहिरींत लोटावें, ही रीत मात्र आमच्या वडिलांनीं कधीं पाळली नव्हती.

शिकविणारा स्वतः पाण्यांत उतरे, ह्यांतच पुढचा मुद्दा आहे. यंत्र चालविण्यांत मुलें वडिलांच्या पुढें गेलीं आहेत; आजोबांस पैसे धाडावयाचे असले तर नातवास हांक मारावी लागते. ह्यामुळें शिक्षक व पालक संकोचतात आणि आपणांस ह्यांतलें कांहीं कळत नाहीं म्हणून बाजूस होतात. हा संकोच अनाठायीं आहे. बोटांचें कौशल्य मुलांजवळ असेल. पण कोणावर विश्वास ठेवावा, कोणाचें मन दुखवूं नये, केव्हां गप्प बसावें, हें ज्ञान वयानें आणि ठेंचा खाऊन येतें, आणि तें वडील माणसांजवळच असतें. मात्र तें शब्दांनीं दिलें जात नाहीं. ज्या घरांत बाप जेवतांना एका हातानें मोबाइल चाळीत असतो, आई मुलीस न विचारतां तिचीं छायाचित्रें शंभर ओळखीच्यांस दाखविते, आणि काका आलेला प्रत्येक संदेश न वाचतांच पुढें धाडतात, त्या घरांत संयमाचें व्याख्यान ऐकणारास हंसूं येईल. शाळांचेंहि तसेंच. दिवसा मोबाइल आणल्याबद्दल दंड करणारी शाळा रात्रीं दहा वाजतां त्याच मोबाइलवरून गृहपाठ धाडते.

ह्या दृष्टीनें सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव ह्या गांवानें २०२२ मध्यें जो उपक्रम आरंभिला तो आम्हांस फार बोधप्रद वाटतो. रोज सायंकाळीं सात वाजतां भोंगा वाजे आणि पुढें दीड तास गांवांतील सर्व मोबाइल व दूरदर्शनसंच बंद ठेवावयाचे, अशी ती योजना होती. ह्यांतील दीड तासाचें आम्हांस महत्त्व वाटत नाहीं. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयानें जुलै २०२० मध्यें काढलेल्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शिकेंतहि कोणत्या वयाच्या मुलानें पडद्यापुढें किती मिनिटें शिकावें ह्याचे आंकडे आहेत. मिनिटें मोजणें अवघड नसतें. वडगांवचें वैशिष्ट्य असें कीं, भोंगा सर्वांसाठीं वाजत होता. मुलानें अभ्यास करावा म्हणून बापानेंहि आपलें यंत्र बाजूस ठेवावयाचें होतें. उपदेश करणारा तेथें पाण्यांत उतरला होता.

असो. आतां शाळेनें करावयाचें काय, हें थोडक्यांत सांगतों. ह्यासाठीं निराळा तास, निराळें पुस्तक आणि निराळी परीक्षा नको. परीक्षा आली कीं उत्तरें पाठ होतील आणि वागणें होतें तसेंच राहील. प्रत्येक विषयाच्या शिक्षकानें आपल्या विषयांतूनच हें शिकवावें. इतिहासाच्या शिक्षकानें बखर आणि अस्सल पत्र ह्यांतला फरक सांगतांना, आज सकाळीं आलेला एखादा संदेश फळ्यावर लिहावा आणि मुलांस विचारावें: हें कोणीं लिहिलें, कोठें, केव्हां, आणि ह्याचा शेवट कोणी कापला तर नाहीं ना? गणिताच्या शिक्षकानें एक संदेश प्रत्येकानें पांचांस धाडल्यास सहाव्या पायरीस तो किती जणांपर्यंत जातो, हें गणित घालावें. उत्तर १५,६२५ येतें, आणि तें पाहून मुलें जो क्षणभर अवाक् होतात तोच धडा होय. भाषेच्या शिक्षकानें हें सांगावें कीं, नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅट-जीपीटी लोकांपुढें आल्यापासून निबंध लिहून देणारें यंत्र तुमच्या खिशांत आहे. तें गुरुजींस फसवूं शकेल, पण ज्याचे विचार कधीं स्वतःच्या शब्दांत उतरले नाहींत तो पुढें आपले विचार कोणते हेंच विसरेल. आणि सर्वच शिक्षकांनीं, वर्गाचें छायाचित्र कोठेंहि टाकण्यापूर्वीं मुलांस एकदां विचारावें. ज्यास कोणी कधीं विचारलें नाहीं, तो दुसऱ्यास विचारील ही अपेक्षा फोल आहे.

ह्यांतील एकाहि गोष्टीस पैसा लागत नाहीं. वेळ मात्र लागतो, आणि मोठ्यांनीं स्वतःस आवर घालावा लागतो. म्हणूनच ती मागें पडते. यंत्रें बदलत जातील. आज ज्यांचीं नांवें आम्हीं येथें घेतलीं त्यांतील कित्येक दहा वर्षांनीं कोणाच्या स्मरणांतहि राहणार नाहींत, आणि त्यांच्याबरोबर आज घोकून घेतलेले नियमहि निरुपयोगी होतील. टिकणारी गोष्ट एवढीच कीं, एकटें असतांना मूल दुसऱ्याचा विचार करतें कीं नाहीं, आणि चूक झाल्यावर तें कोणाकडे जातें. पहिली गोष्ट साधण्यास अनेक वर्षें लागतील. दुसरी मात्र आपल्या हातीं आजच आहे. मुलगा किंवा मुलगी भीतभीत दाराशीं येऊन उभी राहिली, तर हातांतलें काम आणि हातांतला मोबाइलहि खालीं ठेवावा, तिला जवळ बसवावें, आणि तिचें बोलणें संपेपर्यंत एकहि प्रश्न विचारूं नये.